कंटेनरचं घर: प्लाय ठोकायच्या आधी

या वेळचं सदर सगळं कंटेनरच्या घरावरच, म्हणजे जहाजातून माल नेणारा लोखंडी डबा आणून त्यात राहायची सोय करायची. मागच्या अंकात कुणाला तरी उत्तर देताना मी लिहिलं होतं की कंटेनरचा डबा स्वस्त मिळतो, घर स्वस्त होत नाही, तर त्यावर मेलचा ढीग आलाय, काही चक्क रागावलेले पण आहेत. बरेच प्रश्न एकसारखे होते म्हणून थोडेच निवडलेत. नावं दिली नाहीयेत, फक्त गाव.

ताई, दापोलीजवळ आमची आंब्याची बाग आहे, तिथे राहायला म्हणून २० फुटी जुना कंटेनर आणून ठेवलाय. सुतार म्हणतो आतून लाकडी पट्ट्या मारू, त्यात ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) भरू, वरून प्लाय आणि सनमायका, काम फत्ते. पण शेजारच्या बागेत एकाने असंच करून घेतलं तर त्याच्या छतातून थंडीत पाणी टपकतं. पाऊस नसताना! पत्र्याला कुठेच भोक नाही म्हणे. हा काय प्रकार आहे?

भोक नसणारच, कारण ते पाणी आतलंच आहे. रात्रभर दोन-तीन माणसं झोपतात, श्वासातून वाफ सुटते, सकाळी चहाचं आधण, दोरीवर ओले टॉवेल, ही सगळी वाफ त्या बंद डब्यात फिरत राहते. आता हिशोब बघा, आतली हवा २४ अंश आणि आर्द्रता ६० टक्के धरली तर जी वस्तू साधारण १६ अंशाच्या खाली गार असेल तिच्यावर दव धरणार. आणि दापोलीची जानेवारीतली पहाट तुम्हाला मी सांगायला नको, उघड्या आकाशाखालचा लोखंडी पत्रा तर बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. मग छताला आतून घाम सुटतो, थेंब जमतात आणि टपकतात. जहाजावरच्या लोकांना हे जुनंच माहितीये, कोकोच्या, कॉफीच्या पोत्यांवर असाच पाऊस पडतो आणि माल बुरसतो.

ग्लासवूलची गंमत अशी की ती उष्णता अडवते पण वाफ अडवत नाही. वाफ आरपार जाते, मागच्या गार पत्र्यावर जाऊन पाणी होते, ते पाणी वूलमध्ये मुरतं, आणि ओली वूल म्हणजे नुसतं ओझं, इन्सुलेशन शून्य. वरून प्लाय लावलेला असल्याने दिसत काहीच नाही. दिसतं तेव्हा प्लाय फुगलेला असतो आणि मागचा पत्रा गंजलेला. म्हणून माझं सरळ मत, कंटेनरला आतून क्लोज्ड-सेलचा (बंद बुडबुड्यांचा) पीयूएफ म्हणजे पॉलियुरेथेनचा स्प्रे फोमच मारून घ्या. तो पत्र्याच्या प्रत्येक पन्हळीत जाऊन चिकटतो, मधे हवेला जागाच राहत नाही, म्हणजे वाफेला गार पत्र्यापर्यंत पोचायला वाटच नाही. महाग आहे, मान्य. पण पैसे कमी असतील तर सनमायका कमी भारी घ्या, कपाटं पुढच्या वर्षी करा, फोममध्ये काटकसर नको. ५० मिलीमीटर तरी जाडी हवीच, छताला जमलं तर जास्त.

आता कामाचा क्रम, कारण इथेच सगळे गोंधळ घालतात. खिडक्या-दारांची कापाकापी आणि सगळं वेल्डिंग आधी संपवायचं. फोम मारल्यावर "एक छोटा अँगल राहिलाय, मारतो पटकन" असं वेल्डर म्हणाला तर त्याला हात जोडून परत पाठवा, फोम पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड तर असतोच, सायनाइडचा वायू पण असतो. वेल्डिंग झालं की गंज घासून काढायचा (मास्क लावून, जुन्या कंटेनरच्या रंगात शिसं किंवा क्रोमेट असू शकतं), मग इपॉक्सी प्रायमर, मग बोर्ड मारायची फ्रेम, वायरिंगचे पाईप, मग फोम आणि सगळ्यात शेवटी बोर्ड. फ्रेमच्या पट्ट्या पत्र्याला घट्ट चिकटवू नका, बोटभर अंतर ठेवा म्हणजे फोम त्यांच्या मागेही जाईल. जीआयचं (जस्त चढवलेल्या लोखंडाचं) चॅनेल थेट पत्र्यावर स्क्रू केलं की थंडीत बरोबर त्या त्या रेषेत भिंतीवर घामाचे पट्टे उमटतात, ते बघून पाहुणे विचारतात हे डिझाइन आहे का.

आणि फोम उघडा ठेवायचा नाही, कधीच नाही. वरून साडेबारा मिलीमीटरचा जिप्सम किंवा सिमेंट फायबर बोर्ड, तुमच्याकडे दमट हवा आहे तर सिमेंट बोर्डच. प्लायचा हट्ट असेल तर तो बोर्डावरून मारा, हौस म्हणून.

फोमचं काम दिवाळी ते होळीच्या मधे उरका. पत्रा कोरडा ठक्क लागतो, ओल्या पत्र्यावर मारलेला फोम नंतर पापुद्र्यासारखा सुटून येतो. एकदम जाड थर मारू देऊ नका, आत उष्णता कोंडते, दोन-तीन हातात मारायला सांगा आणि त्यानंतर किमान दिवसभर आत कुणी झोपायचं नाही.

अजून एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगते. वर डोक्यावर वेगळं पत्र्याचं छप्पर घाला, चारी बाजूंनी पडवीसारखं दोन-तीन फूट बाहेर काढून. तुमच्याकडे वर्षाला ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस, कंटेनरचं छत जवळजवळ सपाट असतं, जुन्याला पोचे आलेले असतात, त्यात पाणी साचून राहतं. शिवाय खारं वारं. कंटेनर ज्याचा बनतो त्या कॉर्टेन स्टीलला गंज धरत नाही असं विकणारा सांगतो, पण कॉर्टेनचा तो संरक्षक थर खाऱ्या हवेत नीट धरतच नाही, रंग लागतोच. फक्त छप्पर आणि कंटेनर दोन्ही खाली काँक्रीटच्या पेडेस्टलला पक्के बांधून घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात तुमच्या भागातले पत्रे कुठे कुठे जाऊन पडले होते ते तुम्ही पाहिलंच असेल.

काटोल तालुक्यात संत्र्याचा बगीचा आहे. ४० फुटी कंटेनर घेतला आहे, मुलगा म्हणते दीड टनाचा एसी लावून टाकू, बाकी कायले खर्च करता. तुमचं काय मत?

मुलाला सांगा एसी लावायला ना नाही, पण आधी सावली. मे महिन्यात तुमच्याकडे पारा ४५ च्या घरात, त्यात गडद रंगाचा पत्रा, त्याला हात लावून दाखवावा दुपारी दोनला. लोखंडातून उष्णता फोमच्या साधारण २००० पट वेगाने आत येते, एसी दिवसभर त्या पत्र्याशीच भांडत बसेल आणि बिल तुम्ही भरणार.

कंटेनरच्या वर एक-दीड फूट मोकळी हवा सोडून पत्र्याचं छप्पर, त्या फटीतून वारा आरपार जायला हवा, चारी बाजू बंद केल्या तर तो दुसरा तवा होतो. कंटेनर अजून बगीच्यात टेकवला नसेल तर लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे पश्चिमेच्या उन्हासमोर फक्त आठ फुटांची बाजू येते, ४० फुटांची नाही. ही गोष्ट फुकट आहे आणि क्रेन एकदा निघून गेली की लाखमोलाची. बाहेरून पांढरा रंग. पश्चिमेला खिडकी नको, असलीच तर छज्जा. हे सगळं करून मग आतून फोम आणि मग एसी, तो पण कदाचित एक टनाचाच पुरेल.

कंटेनर अजून घेतलाच नसता तर मी म्हटलं असतं निकालात काढलेला रीफर बघा, म्हणजे फळं-मासे नेणारा थंड कंटेनर. त्याच्या भिंतीत कंपनीनेच फोम भरलेला असतो. आतली रुंदी थोडी कमी मिळते, खाली ॲल्युमिनियमची खाचांची जमीन असते तिच्यावर बोर्ड टाकून सपाट करावी लागते, आणि खिडकी कापताना फोम सांभाळावा लागतो, तरी विदर्भात फायद्याचा.

आम्ही दोघं आयटीत आहोत, मुळशीला प्लॉट आहे. दोन ४० फुटी हाय क्यूब (जास्त उंचीचे कंटेनर) शेजारी शेजारी ठेवून मधल्या दोन्ही भिंती काढायच्या आणि मस्त १६ फुटी रुंद हॉल करायचा असा प्लॅन आहे. फॅब्रिकेटर म्हणतो काही प्रॉब्लेम नाही मॅडम, कंटेनरवर तर जहाजात सात-आठ कंटेनर रचतात, एवढा मजबूत असतो. हे बरोबर आहे ना?

रचतात हे बरोबर, पण ते कशावर रचतात ते त्याने सांगितलं नाही. दाराजवळची पाटी वाचा, बऱ्याच कंटेनरवर रचण्याचं वजन १,९२,००० किलो लिहिलेलं सापडेल. ते सगळं वजन चार कोपऱ्यांतल्या चार खांबांवरून खाली जातं. छताची चाचणी मात्र फक्त ३०० किलोची असते, ६० बाय ३० सेंटिमीटरच्या जागेवर, म्हणजे दोन-तीन माणसं उभी राहिली इतकंच. आणि लांब बाजूची भिंत दीड-दोन मिलीमीटरच्या पत्र्याची असली तरी तिच्या पन्हळीमुळे ती अख्खी भिंत एका खोल तुळईचं काम करते. ती कापून काढली की वर उरतो एक बारीकसा बॉक्स पाईप, १२ मीटर लांब, मधे आधार काही नाही. तो लवणार. आज नाही लवला तर छतावर फॉल्स सिलिंग, पंखे, वरचं छप्पर आल्यावर लवेल, आणि मग दारं अडकायला लागतात, खिडकीच्या काचा तडकतात.

करता येतच नाही असं नाही. वर गर्डर, मधे खांब, त्या खांबांखाली वेगळं फुटिंग म्हणजे पाया, आणि हे साईज स्ट्रक्चरल इंजिनियरने काढून द्यायचे, फॅब्रिकेटरने अंदाजाने नाही. पण एवढं लोखंड घातल्यावर कंटेनर कशाला घेतला हा प्रश्न मला पडतो, तेवढ्यात साधी स्टीलची शेड उभी राहते. शिवाय दोन कंटेनरच्या मधली जी फट असते ती मुळशीच्या पावसात आयुष्यभर गळते, सिलिकॉन भरून भरून माणूस थकतो.

मी तुमच्या जागी असते तर दोन्ही कंटेनर समोरासमोर १० फूट अंतरावर ठेवले असते, दोन्हीवरून मिळून एकच मोठं छप्पर घेतलं असतं आणि मधल्या जागेत फरशी घालून तोच हॉल केला असता. पुढे-मागे जाळी किंवा सरकती दारं. भिंतीत फक्त दाराएवढी भोकं, प्रत्येकाला बॉक्स पाईपची चौकट, बाकी कंटेनर शाबूत. खोल्या दोन बाजूला, मधे वारा खेळता चौक, आणि फट नावाची भानगडच नाही. मुळशीत बसायला तसंही बाहेरच बसणार ना तुम्ही.

हाय क्यूब घेताय ते मात्र उत्तम. साध्या कंटेनरची आतली उंची २.३९ मीटर, हाय क्यूबची २.६९, फोम आणि सिलिंग गेल्यावर साध्यात पंखा लावायची पण भीती वाटते.

कंटेनरची लाकडी जमीन इतकी भारी आहे की पॉलिश करून तशीच ठेवावी असं वाटतंय, पण आईला आत गेलं की डोकं दुखतं, वास येतो म्हणते. नाशिक

आईचं ऐका. ती जमीन २८ मिलीमीटरच्या मरीन प्लायची असते, खरंच भारी असते, पण तिच्यात कीटकनाशक मुरवलेलं असतं, कारण लाकडातून किडे एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत. मधे ऑस्ट्रेलियाचा नियम त्यासाठी फार कडक होता. दारावरच्या पाटीवर लाकडाच्या ट्रीटमेंटची एक ओळ असते, तिथे औषधाचं नाव आणि वर्ष सापडेल, बॅसिलियम किंवा रॅडेलियम वगैरे. त्यात परत वीस वर्षं त्या जमिनीवर काय काय सांडलंय देव जाणे, मागचा माल रंग होता की खत होतं ते कुणी लिहून ठेवत नाही.

पॉलिश करायला घासायला घेतलंत तर तीच भुकटी घरभर होईल. सगळ्यात उत्तम म्हणजे प्लाय उचकटून काढून टाकायचा, स्क्रू गंजलेले असतात, मजुराचा दिवस जातो, पण खालचे लोखंडी आडवे अँगल दिसतात, कुठे सडलेत ते कळतं आणि त्यांच्यामधे खालून फोम पण मारता येतो. तेवढी तयारी नसेल तर जमीन धुवून, पूर्ण वाळवून, दोन हात इपॉक्सी कोटिंग, कडा आणि सांधे सकट, आणि वरून सिमेंट बोर्ड टाकून मग टाइल नाहीतर व्हिनाइल. टाइल लावणार असाल तर बोर्डाचे सांधे प्लायच्या सांध्यावर येऊ देऊ नका. लहान मूल रांगणारं असेल घरात तर मी काढूनच टाकीन.

युट्युबवर सगळ्या कंटेनर घरात आतमध्ये छोटंसं सुंदर बाथरूम आणि किचन असतं. आमचा २० फुटीच आहे, रोज चार माणसांचा स्वयंपाक. कसं बसवू? संगमेश्वर

बसतं सगळं, पण ते व्हिडिओ बघताना एवढं बघा की त्यातली माणसं कशी आंघोळ करतात. काचेच्या डब्यात उभं राहून, शॉवरखाली, बाकी जमीन कोरडी. आपण बादली घेऊन बसतो, तांब्या ओततो, पाणी चार भिंतींवर उडतं, आणि वर मोरीत कपडे पण धुतो. लाकूड आणि लोखंडाच्या जमिनीवर हे रोज चाललं तर सांध्यातून कुठेतरी पाणी उतरणारच, आणि ते उतरलेलं वर्षभर कळत नाही.

म्हणून २० फुटीला माझा आग्रह, न्हाणीघर आणि संडास कंटेनरच्या बाहेर भिंतीला लागून विटांचं बांधा, दार आतून काढा हवं तर, छप्पर वरचंच पुढे ओढून घ्या. गवंडी गावातलाच मिळेल, सांडपाणी शोषखड्ड्याला सरळ जाईल. आतलीही जागा वाचते, आणि आहेच किती, जेमतेम १५० चौरस फूट. फोम-बोर्ड गेल्यावर रुंदी सव्वासात फुटांच्या आत येते, त्यात दोन फुटांचा ओटा गेला की पाच फूट उरले. दोन्ही बाजूंना ओटे घालायचा विचार सोडा, पाठीला पाठ लागेल.

आतच बाथरूम हवं असा हट्ट असेल तर खाली लोखंडी किंवा फायबरचा अखंड ट्रे, भिंतीवर वीतभर चढवलेला, उतार दिलेला, आणि त्यावर टाइल. नहाणी ट्रॅपचं भोक पाडायच्या आधी खाली वाकून बघा, जमिनीखाली साधारण फुटा-फुटावर आडवे अँगल असतात, प्लंबर वरून बिनधास्त होल मारतो आणि अँगलच कापून ठेवतो.

स्वयंपाकाचं म्हणाल तर फोडणीची वाफ बाहेर गेलीच पाहिजे, कंटेनरला जी बारीक व्हेंट असतात त्यांचा काही उपयोग नाही. ओट्यावर बाहेर फेकणारा एक्झॉस्ट, समोरच्या भिंतीला खिडकी. आणि सिलेंडर बाहेर ठेवा, जाळीच्या पेटीत. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साचतो, आणि कंटेनर मुळात पाणी-वारा आत शिरू नये असा घट्ट बनवलेला असतो. म्हणून शेगडीच्या बाजूला जमिनीजवळ पण एक जाळीचं व्हेंट ठेवा, ते पडद्यामागे किंवा फर्निचरमागे लपवू नका.

लोखंडाचं घर, मग शॉक बसत नाही का? जळगाव

वायरमन बरा असेल तर नाही. सगळी वायर पाईपमधून, जिथे पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट म्हणजे रबराची कडी, कारण कापलेल्या पत्र्याची कड ब्लेडसारखी असते. बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), नुसत्या एमसीबीवर (जास्त लोड आला की पडणाऱ्या स्विचवर) भागवू नका. अख्ख्या कंटेनरला दोन ठिकाणी अर्थिंग जोडायचं, दोन कंटेनर असले तर दोन्ही एकमेकांना पण. वीज पडायची भीती असते त्या माळरानावर तर हे करायलाच हवं.

आमच्या कंटेनरमध्ये मोबाईलला रेंजच येत नाही, दारात येऊन बोलावं लागतं. काही दोष आहे का? पेडणे, गोवा

दोष नाही, लोखंडाच्या बंद पेटीत लहरी शिरतच नाहीत. टॉवर ज्या दिशेला आहे तिकडे मोठी खिडकी काढा, साध्या काचेची, आरशासारखी फिल्म लावलेली नको. वायफायचा राउटर प्रत्येक कंटेनरला वेगळा लागेल.

कंटेनर हलवता येतो, म्हणजे बांधकाम परवानगी लागत नाही ना? बरेच जण असंच सांगतात. सासवड

बरेच जण म्हणजे विकणारे. फुटिंग घालून, नळ-वीज जोडून तुम्ही त्यात राहणार असाल तर तो हलवता येतो या एका वाक्यावर विसंबू नका, ग्रामपंचायत, तहसील किंवा जे नियोजन प्राधिकरण असेल तिथे ॲडव्हान्स द्यायच्या आधी लेखी विचारा. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये, म्हणजे देशाच्या बांधकाम नियमावलीत, राहत्या खोलीची उंची २.७५ मीटर धरलीये, एसी असेल तर २.४, आणि घरात एकच खोली असेल तर तिची रुंदी कमीत कमी २.४ मीटर. आता कंटेनरची आतली रुंदी २.३५, ती पण फोमच्या आधीची. त्यामुळे नकाशा कोण काढून देणार, तो मंजूर कसा होणार हे आधी ठरवा.

आणि सासवडचे आहात म्हणून एक विचारते, तुमच्या प्लॉटपर्यंतचा रस्ता बघितलाय का? ४० फुटीचा ट्रेलर गावातल्या वळणावर अडकतो, ट्रेलरवर चढवलेला हाय क्यूब जमिनीपासून १४ फुटांच्या वर जातो आणि विजेच्या तारा त्याहून खाली लोंबत असतात. कंटेनर रिकामा जेमतेम चार टनांचा, हायड्रा (छोटी फिरती क्रेन) उचलेल, पण हायड्राला उभं राहायला आणि फिरायला घट्ट जमीन लागते, नांगरलेल्या शेतात ती रुतते. एकदा मोटरसायकलीवर टेप घेऊन मेन रोडपासून प्लॉटपर्यंत जाऊन या. अरुंद निघाला तर दोन २० फुटी घ्या.